टर्मिनल तुटले तरी डेटाबेसचे दीर्घ काम सुरू कसे ठेवावे

मोठ्या टेबलवर इंडेक्स बांधणे, शेकडो गिगाबाइटचा बॅकअप रिस्टोअर करणे, कोट्यवधी ओळींमधला एखादा स्तंभ अद्ययावत करणे ही कामे कित्येक तास चालतात. तेवढ्या वेळात लॅपटॉप स्लीपमध्ये जातो, व्हीपीएनची मुदत संपते किंवा मधल्या फायरवॉलला जोडणी निष्क्रिय वाटते आणि टर्मिनल तुटते. त्यानंतर कामाचे काय होते, याचे उत्तर ‘ते मरते’ इतके सरळ नाही. काही कामे जागीच मरतात, काही अर्धवट अवस्थेत अडकतात आणि काही सर्व्हरवर निमूटपणे पूर्ण होतात, पण त्याची खबर द्यायला समोर कोणी उरलेले नसते. त्यामुळे टर्मिनल तुटले तरी काम टिकवणाऱ्या साधनांपैकी टीमक्स घ्यावे की नोहप, हा प्रश्न नंतरचा आहे. आपले काम नेमके कोणत्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, जिवावर चालले आहे, हे आधी ठरवावे लागते.

या लेखातील कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांत आणि वेगळे सांगितले नसेल तर लहान अक्षरांत टाइप करावीत.

जोडणी तुटल्यावर काय घडते

एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाने, लॉगिन केल्यावर सर्व्हरवर आपल्यासाठी एक आभासी टर्मिनल तयार होते, त्यावर शेल, म्हणजे आपल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, चालते आणि शेलच्या पोटात डेटाबेसचा क्लायंट, म्हणजे पीएसक्यूएल, मायएसक्यूएल किंवा एसक्यूएलप्लस, चालतो. हा क्लायंट नेटवर्कने किंवा स्थानिक सॉकेटने डेटाबेस सर्व्हरशी जोडलेला असतो. म्हणजे आपला संगणक ते शेल, शेल ते क्लायंट आणि क्लायंट ते डेटाबेस असे तीन दुवे झाले. यांपैकी कोणताही तुटू शकतो आणि पुढे येणारे प्रत्येक साधन यांतील सगळे दुवे सांभाळत नाही.

पहिला दुवा तुटल्याचे सर्व्हरला समजले, की आभासी टर्मिनल बंद होते आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, शेलला हँगअप सिग्नल, म्हणजे सिगहप, पाठवतो. बॅश हे नेहमीचे शेल तो सिग्नल आपल्या सर्व जॉबना पुढे पाठवून स्वतः संपते. या सिग्नलला वेगळी वागणूक ठरवून दिलेली नसेल, तर मिळणारी प्रोसेस मरते. येथे बॅकग्राउंडला टाकलेल्या कामांविषयी एक गैरसमज आढळतो. ओळीच्या शेवटी अँपरसँड लावून सुरू केलेले काम ‘एक्झिट’ लिहून नीट बाहेर पडल्यावर बहुधा टिकते, कारण त्या वाटेने बाहेर पडताना बॅश सहसा हा सिग्नल पाठवत नाही. त्या अनुभवावर विसंबून अँपरसँड पुरेसा आहे असे मानले जाते आणि जोडणी अचानक तुटते त्या दिवशी तेच काम मरते.

दुसरा बारकावा वेळेचा आहे. नेटवर्क गुपचूप नाहीसे झाले, तर सर्व्हरला ते लगेच कळत नाही. पाठवलेल्या डेटाला पोच मिळत नाही म्हणून लिनक्सचा टीसीपी थर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याने हार मानेपर्यंत साधारण १५ मिनिटे जातात. पाठवायला काहीच नसेल, तर जोडणी जिवंत आहे का हे पाहणाऱ्या कीपअलाइव्हची पहिली तपासणीच ७,२०० सेकंदांनी होते. म्हणून तुटल्यानंतर लगेच पुन्हा लॉगिन केले आणि पीएस या कमांडने दाखवलेल्या प्रोसेसच्या यादीत आपले काम चालू दिसले, तर ते वाचले असा निष्कर्ष काढू नये. ते मरण्याची वेळ अजून आलेली नसते, इतकेच.

क्लायंट मेला म्हणजे क्वेरी मेली असे नाही

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण चुकीचे निर्णय बहुतेक वेळा येथेच घेतले जातात.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र बॅकएंड प्रोसेस असते. क्वेरीवर काम करत असताना ती क्लायंट जिवंत आहे का, हे पाहत बसत नाही. क्लायंटला काही पाठवायची किंवा त्याच्याकडून काही वाचायची वेळ येते, तेव्हाच तिला जोडणी गेल्याचे कळते. त्यामुळे एकट्याने दिलेली ‘क्रिएट इंडेक्स’ किंवा मृत ओळी साफ करणारी ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा क्लायंट मेल्यावरही अनेकदा शेवटपर्यंत जाते आणि कमिटही, म्हणजे कायमची नोंद, होते. २०२१ साली आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून ‘क्लायंट कनेक्शन चेक इंटरव्हल’ ही सेटिंग उपलब्ध आहे. ती सुरू केली असेल, तर बॅकएंड ठरावीक अंतराने जोडणी तपासते आणि क्लायंट गेलेला दिसल्यास क्वेरी थांबवते. मुळात तिची किंमत शून्य, म्हणजे बंद, असते. कंट्रोल-सीची गोष्ट वेगळी आहे. ते दाबल्यावर पीएसक्यूएल सर्व्हरला क्वेरी रद्द करण्याची स्पष्ट विनंती पाठवतो, टर्मिनल तुटल्यावर तशी विनंती जात नाही.

याउलट ‘बिगिन’ लिहून ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारा आज्ञांचा गट, उघडलेले असेल, तर चालू असलेली अपडेट पूर्ण होऊनही उपयोग नाही, कारण त्यापुढची कमिट पाठवायला क्लायंट उरलेला नसतो आणि सगळे काम रोलबॅक होते, म्हणजे उलटवले जाते. ज्या कामात डेटा क्लायंटमधून वाहतो तेही वाचत नाही. पीजी-डंप, पीजी-रिस्टोअर आणि क्लायंटच्या बाजूने फाइल वाचणारी कॉपी ही कामे क्लायंटसोबतच थांबतात. आज्ञांची फाइल चालवत असाल, तर त्या क्षणी चालू असलेली आज्ञा कदाचित पूर्ण होईल, पण तिच्या पुढच्या आज्ञा सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाहीत. मायएसक्यूएलमध्येही चालू असलेली ‘ऑल्टर टेबल’ क्लायंट गेल्यावर बहुधा पुढे चालत राहते आणि यादीतल्या उरलेल्या आज्ञा राहून जातात.

पहिली पायरी: सुरुवात करण्याआधीची तयारी

काम कोणत्या यंत्रावरून सुरू करायचे, ते प्रथम ठरवावे. शक्य असेल तर डेटाबेस सर्व्हरवरूनच किंवा त्याच नेटवर्कमधल्या, सतत चालू राहणाऱ्या यंत्रावरून करावे. स्वतःच्या लॅपटॉपवर टीमक्स उघडून त्यातून दूरच्या डेटाबेसला जोडण्यात काहीच अर्थ नाही, कारण तुटणारा दुवा टीमक्सच्या पलीकडेच राहतो. डेटाबेस क्लाउडमधला व्यवस्थापित असेल आणि त्याच्या यंत्रावर लॉगिन मिळत नसेल, तर त्याच नेटवर्कमधले एखादे छोटे आभासी यंत्र या कामासाठी वापरावे.

त्यानंतर सर्व आज्ञा एका फाइलमध्ये लिहाव्यात. प्रॉम्प्टवर हाताने टाइप केलेले काम तुटल्यावर कुठपर्यंत आले होते हे सांगता येत नाही, फाइलचे सांगता येते. पीएसक्यूएल वापरताना मोठ्या अक्षरातील ‘एक्स’चा पर्याय द्यावा, म्हणजे वैयक्तिक सेटिंगची फाइल वाचली जात नाही, आणि ‘ऑन एरर स्टॉप’ हे चल मोठ्या अक्षरांत व अंडरस्कोरने जोडून १ करावे. ते नसेल तर मधली एक आज्ञा अपयशी ठरली तरी पीएसक्यूएल बेधडक पुढे जातो. मायएसक्यूएल क्लायंट फाइल चालवताना पहिल्या त्रुटीवर आपोआप थांबतो, तेव्हा त्याला ‘फोर्स’चा पर्याय देण्याचा मोह टाळावा. एसक्यूएलप्लसमध्ये फाइलच्या सुरुवातीला ‘व्हेनेव्हर एसक्यूएलएरर एक्झिट’ आणि शेवटी ‘एक्झिट’ लिहावे.

पासवर्ड कमांडच्या ओळीत देऊ नये, कारण त्या यंत्रावरील इतरांना तो प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. मध्येच पासवर्ड विचारला जाईल अशीही व्यवस्था नको, कारण उत्तर द्यायला कोणी नसेल. पोस्टग्रेसक्यूएलसाठी होम फोल्डरमधली पीजीपास फाइल ०६०० परवानगीसह ठेवावी. परवानगी याहून सैल असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही. मायएसक्यूएलसाठी होम फोल्डरमधली लपवलेली सेटिंग फाइल किंवा लॉगिन-पाथ वापरावा.

कामाला नाव देणेही येथेच उरकावे. पीजीॲपनेम या एन्व्हायर्नमेंट चलात, म्हणजे मोठ्या अक्षरांतील ‘पीजीएपीपीएनएएमई’मध्ये, ओळखू येईल असे नाव ठेवले, की ते सर्व्हरवरील जोडण्यांच्या यादीत दिसते. रात्री दोन वाजता चाळीस जोडण्यांमधून आपली शोधताना या एका ओळीची किंमत कळते.

दुसरी पायरी: टीमक्समध्ये काम चालवणे

स्क्रीन हे साधन १९८७ पासूनचे आहे, टीमक्स २००७ चे. दोन्ही तेच करतात. शेल आपल्या एसएसएच जोडणीखाली न चालवता ती एका वेगळ्या, पाठीमागे राहणाऱ्या प्रोसेसखाली चालवतात, त्यामुळे जोडणी गेली तरी आतल्या शेलला हँगअप मिळत नाही. रेड हॅटच्या ८ व्या आवृत्तीपासून स्क्रीन मूळ पॅकेजांत नाही. नव्याने शिकायचे असेल तर टीमक्सच शिकावे.

सर्व्हरवर लॉगिन करून ‘टीमक्स न्यू’ या कमांडला ‘हायफन एस’ आणि पुढे सेशनचे नाव द्यावे. नाव कामावरून ठेवावे, कारण ० आणि १ अशी आपोआप पडलेली नावे दुसऱ्या दिवशी काहीच सांगत नाहीत. उघडलेल्या खिडकीत काम सुरू करावे. मग कंट्रोल-बी दाबून सोडावे आणि डी दाबावा, म्हणजे सेशन पाठीमागे चालू ठेवून आपण बाहेर येतो. परतल्यावर ‘टीमक्स एलएस’ने सेशनची यादी पाहावी आणि ‘टीमक्स अटॅच’ला ‘हायफन टी’ व नाव देऊन आत जावे. जुन्या तुटलेल्या जोडणीमुळे पडदा लहान दिसत असेल, तर सोबत ‘हायफन डी’ द्यावा, त्याने आधीचे सगळे जोडलेले टर्मिनल सुटतात.

यादी रिकामी दिसली म्हणून लगेच घाबरू नये. टीमक्सचे सेशन युजरनुसार वेगळे असते. सुडोने पोस्टग्रेस युजर होऊन सेशन उघडले असेल, तर परत येतानाही तोच युजर व्हावे लागते.

टीमक्स वापरूनही दोन गोष्टी दगा देतात. पहिली म्हणजे पेजर, लांब मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम. टीमक्सची खिडकी खरे टर्मिनल असल्यामुळे एखाद्या सिलेक्टचे उत्तर लांब आले, की पीएसक्यूएल ते पेजरमध्ये उघडतो आणि स्पेसबार दाबला जाण्याची वाट पाहत राहतो. काम रात्रभर चालले असे वाटते, प्रत्यक्षात ते दुसऱ्याच आज्ञेवर थांबलेले असते. फाइलच्या सुरुवातीलाच ‘पीसेट पेजर ऑफ’ लिहून ही शक्यता मिटवावी. दुसरी गोष्ट पडद्यावरील मजकुराची. टीमक्स प्रत्येक खिडकीच्या मुळात २,००० ओळीच जपते आणि आतले शेल संपले, की खिडकी मजकुरासह नाहीशी होते. काही सर्व्हरवर टीएमआउट हे चल लावलेले असते. त्याने रिकाम्या प्रॉम्प्टवर बसलेले शेल ठरावीक वेळाने बंद होते, मग ते टीमक्समध्ये असले तरी. म्हणजे काम यशस्वी झाले, शेल प्रॉम्प्टवर आले, थोड्या वेळाने बंद झाले आणि सकाळी पाहायला काहीच उरले नाही, असे होऊ शकते.

म्हणून टीमक्स असो वा नसो, नोंद फाइलमध्येच गेली पाहिजे. पडद्यावरही पाहायचे असेल तर टी (रोमनमध्ये टी-ई-ई) या कमांडमधून पाइप करावा, मात्र मग पाइपचा शेवटचा निकाल-अंक, म्हणजे काम यशस्वी झाले की नाही हे सांगणारा आकडा, टी कमांडचा असतो, डेटाबेसच्या क्लायंटचा नाही. बॅशमध्ये आधी ‘सेट हायफन ओ पाइपफेल’ केल्याशिवाय त्या अंकावर विश्वास ठेवू नये. लॉग फाइलच्या नावात तारीख व वेळ घालावी, कामाच्या आधी आणि नंतर डेट कमांड चालवावी, आणि शेवटी निकाल-अंक लॉगमध्ये लिहून घ्यावा. ‘ऑन एरर स्टॉप’ लावलेल्या फाइलमध्ये त्रुटी आली, तर पीएसक्यूएल ३ हा अंक परत करतो.

टीमक्स नसेल तेव्हा: नोहप

नवे पॅकेज बसवण्याची परवानगी नसलेल्या सर्व्हरवर नोहप हमखास सापडते. ते प्रोसेसला हँगअप सिग्नल दुर्लक्षित करायला लावते आणि उत्तर टर्मिनलकडे जाणार असेल तर ते नोहप-डॉट-आउट या फाइलच्या शेवटी जोडत जाते. त्या फाइलवर न विसंबता लॉगची फाइल स्वतः सांगावी, त्रुटींचा प्रवाहही तिच्यात वळवावा, इनपुट डेव्ह-नल या नेहमी रिकाम्या असणाऱ्या फाइलकडून घ्यावे आणि शेवटी अँपरसँड द्यावा. बॅकग्राउंडमधल्या प्रोसेसने टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न केला, तर ती मरत नाही, पण जागीच थांबवली जाते. एखाद्या प्रोग्रॅमने हँगअपसाठी स्वतःची हाताळणी बसवून घेतली असेल, तर नोहपचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणून नवीन क्लायंटवर एखादी साधी, काही मिनिटे झोपणारी क्वेरी देऊन आणि टर्मिनल मुद्दाम बंद करून एकदा खात्री करून घ्यावी.

काम आधीच सुरू करून बसलो असल्यास

टर्मिनल अजून जोडलेले असेल तर थोडेफार वाचवता येते. कंट्रोल-झेडने काम थांबवावे, ‘बीजी’ने ते बॅकग्राउंडला चालू करावे आणि ‘डिसओन’ला ‘हायफन एच’ व जॉबचा क्रमांक देऊन बॅशला सांगावे, की याला हँगअप पाठवू नको. हा तोडगा अर्धवट आहे. त्या प्रोसेसचे इनपुट आणि आउटपुट जुन्याच टर्मिनलशी बांधलेले राहते आणि ते नाहीसे झाल्यावर लिहिण्याचा प्रयत्न त्रुटी देतो. प्रॉम्प्टवर हाताने चालवलेल्या पीएसक्यूएलबाबत तर हा मार्ग फारसा कामाचा नाही. रेप्टायर नावाचे साधन चालू प्रोसेस नव्या टर्मिनलला जोडू शकते, पण त्यासाठी दुसऱ्या प्रोसेसमध्ये हस्तक्षेप करू देणाऱ्या पीट्रेसची परवानगी लागते आणि अनेक वितरणांमध्ये यामा या सुरक्षा-घटकाच्या सेटिंगमुळे ती सामान्य युजरला मिळत नाही. काम नुकतेच सुरू झाले असेल, तर ते रद्द करून टीमक्समध्ये नव्याने सुरू करणे अधिक शहाणपणाचे असते.

तिसरी पायरी: काम सिस्टमडीच्या हाती देणे

सर्व्हिस सुरू करणारी व सांभाळणारी सिस्टमडी ही प्रणाली असलेल्या सर्व्हरवर ‘सिस्टमडी-रन’ हा मार्ग नोहपपेक्षा नीटनेटका आहे. त्याला ‘युनिट’च्या पर्यायात नाव, ‘यूआयडी’च्या पर्यायात युजर आणि पुढे कमांडचा पूर्ण पाथ द्यावा. काम तात्पुरती सर्व्हिस म्हणून चालते, आपल्या लॉगिनशी त्याचा संबंध उरत नाही, नोंदी जर्नलमध्ये जातात, आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ विचारले, की स्थिती समजते. काम अपयशी ठरले तर त्या युनिटची नोंद मागे राहते. आपल्या शेलमधील एन्व्हायर्नमेंट चले तेथे पोहोचत नाहीत, एवढे ध्यानात ठेवून हवी ती स्पष्ट द्यावीत.

सिस्टमडीची दुसरी बाजूही माहीत असावी. २०१६ मधील २३० व्या आवृत्तीपासून लॉगआउट होताना युजरच्या सर्व प्रोसेस मारण्याची सेटिंग मूळ प्रकल्पात चालू ठेवण्यात आली. अनेक वितरणांनी ती बंद केली, पण जेथे ती चालू आहे तेथे टीमक्ससुद्धा मरते. अशा यंत्रावर ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ने आपल्या युजरला सवलत द्यावी आणि टीमक्स ‘सिस्टमडी-रन’च्या ‘युजर’ व ‘स्कोप’ या पर्यायांसह सुरू करावे. याच कुळातली ‘रिमूव्ह आयपीसी’ ही सेटिंग अधिक घातक आहे. पोस्टग्रेसक्यूएल सिस्टम खात्याऐवजी साध्या युजरखाली चालत असेल, तर त्या युजरचे शेवटचे सेशन बंद होताच त्याची सामायिक मेमरी आणि सेमाफोर काढून टाकले जाऊ शकतात, आणि मग एका कामाचा नव्हे, अख्ख्या डेटाबेस सर्व्हरचा प्रश्न उभा राहतो. अशा यंत्रावर ही सेटिंग बंदच असावी.

चौथी पायरी: काम डेटाबेसच्या आतच चालवणे

वरील सर्व उपाय पहिला दुवा सांभाळतात. क्लायंट आणि डेटाबेस वेगळ्या यंत्रांवर असतील, तर त्यांच्यामधली जोडणी तरीही तुटू शकते. माझ्या मते, नेमाने करावे लागणारे प्रत्येक दीर्घ काम शेवटी डेटाबेसच्या आतच गेले पाहिजे. ओरॅकलमध्ये त्यासाठी डीबीएमएस-शेड्युलर आहे, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पीजी-क्रॉन हे एक्स्टेन्शन आहे, मायएसक्यूएलमध्ये इव्हेंट शेड्युलर आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एजंट जॉब आहेत. या प्रत्येकात काम सुरू करून देणाऱ्या क्लायंटची पुढे गरज उरत नाही.

ओरॅकलचा डेटा पंप याचा उत्तम नमुना आहे. त्याचा एक्सपोर्ट किंवा इम्पोर्ट सर्व्हरवरील प्रोसेस करतात, समोरचा क्लायंट केवळ प्रगती दाखवतो. टर्मिनल गेले तर डीबीए-डेटापंप-जॉब्स या व्ह्यूमधून जॉबचे नाव शोधावे, तीच कमांड ‘अटॅच’ पर्यायासह चालवावी आणि ‘स्टेटस’ विचारावे. तेथून बाहेर पडताना ‘एक्झिट क्लायंट’ लिहावे. ‘किल जॉब’ लिहिल्यास जॉबच संपतो.

जेथे अशी सोय नाही, तेथे कामाचे तुकडे करणे हाच खरा विमा आहे. कोट्यवधी ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बदलण्याऐवजी प्राथमिक कीच्या क्रमाने काही हजारांचे टप्पे करावेत, प्रत्येक टप्प्यानंतर कमिट करावे आणि शेवटची की एका छोट्या टेबलमध्ये त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहावी. मग तुटले तरी जेथे थांबले तेथूनच पुढे जाता येते. पोस्टग्रेसक्यूएलच्या ११ व्या आवृत्तीपासून प्रोसीजरच्या आत कमिट करता येते. याचा आणखी एक लाभ असा, की दीर्घ ट्रान्झॅक्शनमुळे व्हॅक्यूमला मृत ओळी साफ करता न येण्याची अडचण टळते.

एसएसएचच्या सेटिंग

क्लायंटच्या बाजूने ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ६० सेकंद ठेवला, तर निष्क्रियतेमुळे जोडणी कापली जाण्याचे प्रकार पुष्कळ कमी होतात. मुळात तो शून्य, म्हणजे बंद, असतो. मॉश हे साधन नेटवर्क बदलले तरी जोडणी टिकवते, पण लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर जुन्या सेशनमध्ये परतता येत नाही, त्यामुळे त्यासोबतही टीमक्स लागतेच.

तुटल्यावर परत आल्यानंतर

परत आल्यावर तीच फाइल लगेच पुन्हा चालवण्याची घाई करू नये. पहिली प्रत सर्व्हरवर अजून चालू असेल, तर दुसरी तिच्या लॉकपाशी अडकेल किंवा तेच बदल दोनदा करेल. फाइल चालवणारी कमांड एफलॉक या लॉक घेणाऱ्या साधनाखाली ठेवली, तर एकाच यंत्रावरून क्लायंटच्या दोन प्रती सुरू होत नाहीत. क्लायंट मरून मागे राहिलेली बॅकएंड मात्र एफलॉकला दिसत नाही, ती डेटाबेसमध्येच पाहावी लागते.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी पाहून आपल्या नावाची जोडणी, तिची स्थिती आणि क्वेरी सुरू झाल्याची वेळ तपासावी. इंडेक्सची प्रगती १२ व्या आवृत्तीपासून, तर कॉपीची १४ व्या आवृत्तीपासून स्वतंत्र प्रोग्रेस व्ह्यूमध्ये दिसते. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’, ओरॅकलमध्ये व्ही-डॉलर-सेशन-लाँगऑप्स पाहावे. काम खरोखर थांबवायचे ठरले, तर आधी ‘पीजी कॅन्सल बॅकएंड’ वापरावे, त्याने भागले नाही तरच ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’. प्रोसेसला ऑपरेटिंग सिस्टममधून किल-९ देऊ नये, कारण पोस्टग्रेसक्यूएलची एक बॅकएंड अशी मेली, की पोस्टमास्टर, म्हणजे त्याची मुख्य प्रोसेस, उरलेल्या सर्व जोडण्या तोडून क्रॅश रिकव्हरी करते.

‘कन्करंटली’ने, म्हणजे टेबलवरील लेखन न अडवता, बांधायला घेतलेला इंडेक्स मध्येच अपयशी ठरला, तर तो अवैध अवस्थेत मागे राहतो. क्वेरींना त्याचा उपयोग होत नाही, पण प्रत्येक लेखनात त्याचा भार पडत राहतो. पीजी-इंडेक्स कॅटलॉगमधील ‘इंडिसव्हॅलिड’ हा स्तंभ असत्य असलेले इंडेक्स शोधून ते काढून टाकावेत आणि पुन्हा बांधावेत.

रोलबॅकचा वेळही गृहीत धरावा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये रोलबॅक जवळजवळ तत्काळ होतो आणि मागे मृत ओळींचा पसारा राहतो, त्यासाठी व्हॅक्यूम चालवावे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत आणि ओरॅकलमध्ये मात्र प्रत्येक बदल एकेक करून उलटवला जातो आणि त्याला मूळ कामापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. तो कंटाळवाणा वाटला म्हणून सर्व्हर रीस्टार्ट केल्यास सुटका होत नाही, उरलेला रोलबॅक रीस्टार्टनंतरही पूर्ण करावाच लागतो. ओरॅकलमध्ये व्ही-डॉलर-ट्रान्झॅक्शनमधील ‘यूज्ड-युरेक’ हा आकडा थोड्या थोड्या वेळाने पाहावा. तो ज्या वेगाने घटतो, त्यावरून किती वेळ थांबायचे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.